घरातली साउंड सिस्टीम: रूम करेक्शन आणि इक्वलायझर, काय दुरुस्त करावं आणि काय सोडून द्यावं

खर्जभक्त

रूम करेक्शनचे (खोलीमुळे आवाजात येणारे दोष फिल्टरने दुरुस्त करण्याचे) प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेले आहेत, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतोय. ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हरने माइकवरून आपोआप केलेली मोजणी आणि दुरुस्ती) एकदा चालवलं की काम झालं असं मानणारे आणि इक्वलायझरला हातच लावायचा नाही म्हणणारे, दोघांनाही उपयोग व्हावा ही इच्छा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. खोलीचा खरा त्रास २००-३०० हर्ट्झच्या खाली असतो आणि करेक्शनचा खरा फायदाही तिथेच मिळतो. त्याच्या वर आलेखातला (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज येतो त्या रेषेतला) प्रत्येक चढउतार सरळ करायला गेलात की आवाज बिघडतो. खालच्या पट्टीतही उंचवटे कापता येतात, खड्डे बहुतेक वेळा भरता येत नाहीत.

असं का? आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर अर्ध्या तरंगाएवढं झालं की ती फ्रिक्वेन्सी खोलीत अडकून घुमते. हिशोब सोपा आहे: १७१.५ ला मीटरमधल्या अंतराने भागा. ५ मीटर लांबीला ३४ हर्ट्झ, ४ मीटर रुंदीला ४३, ३ मीटर उंचीला ५७. मग त्यांच्या दुपटी-तिपटी. हेच रूम मोड. भिंतीलगत त्यांचा दाब सगळ्यात जास्त असतो आणि पहिल्या मोडचा दाब बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. म्हणून एकाच खोलीत भिंतीला टेकून बसणाऱ्याला बेस अंगावर येतो आणि मधे बसणाऱ्याला तो सापडत नाही.

जसजसं वर जावं तसे मोड इतके दाट होतात की सुटे ओळखू येत नाहीत. ही सीमा साधारण कुठे पडते ते काढायला खोलीचा प्रतिध्वनी-काळ (सेकंदात) भागिले घनफळ (घनमीटरमध्ये), त्याचं वर्गमूळ, गुणिले २०००. वरच्या ५×४×३ च्या खोलीत ६० घनमीटर आणि ०.४ सेकंद धरले तर १६३ हर्ट्झ येतात. हिला श्रोडर फ्रिक्वेन्सी म्हणतात. तिथे काही भिंत उभी नसते, बदल हळूहळू होतो. पण तिच्या खाली खोलीचं राज्य आणि बरंच वर गेल्यावर स्पीकरचं, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

कामाचा क्रम असा: आधी जागा (स्पीकर, सब म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, खुर्ची), मग अंतरं आणि पातळ्या, मग मोजणी, मग फिल्टर, मग पुन्हा मोजणी. प्रश्न विचारताना खोलीची मापं, बसण्याची जागा आणि शक्य असेल तर आलेख टाका. "बेस नीट येत नाही" एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही.

नवा_कान

धाग्याबद्दल आभार. मग लगेच विचारतो. खोली नेमकी ५×४×३ मीटर. समोरच्या ४ मीटरच्या भिंतीशी दोन बुकशेल्फ स्पीकर, डाव्या कोपऱ्यात एक सब, एव्ही रिसीव्हर. तीन जणांचा सोफा, डोक्यापासून मागची भिंत सव्वा मीटर. ऑटो कॅलिब्रेशननंतरही तीन तक्रारी आहेत:

१. ३४-३५ हर्ट्झला तिन्ही जागांवर सुमारे ९ डीबीचा उंचवटा. करेक्शनने तो थोडाच खाली आलाय.
२. ४३ च्या आसपास कडेच्या दोन जागांवर आवाज घुमतो, मधल्या जागेवर तिथे काहीच नाही.
३. ६८-७० हर्ट्झला तिन्ही जागांवर १२ डीबीचा खड्डा.

शिवाय करेक्शन चालू केलं की गाणाऱ्याचा आवाज दबल्यासारखा वाटतो. इक्वलायझरने ७० वर १२ डीबी वाढवावेत का?

खर्जभक्त

@नवा_कान, नाही, ७० ला हात लावू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत आणि इलाजही तीन वेगळे.

तिसरी आधी घेऊ. ५ मीटर लांबीचा दुसरा मोड ६८.६ हर्ट्झला येतो. त्याचे शून्यबिंदू लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर, म्हणजे दोन्ही टोकांच्या भिंतींपासून १.२५ मीटरवर असतात. तुमची डोकी नेमकी तिथेच आहेत. दुसऱ्या बाजूने हिशोब केला तरी उत्तर तेच येतं: मागच्या भिंतीवर आपटून परतणारा आवाज थेट आवाजाला उलट्या फेजमध्ये (एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार) भेटतो तो ३४३ भागिले अंतराच्या चौपटीला, म्हणजे ३४३ ÷ ५ = ६८.६. तिथे जेवढं वाढवाल तेवढंच परतूनही येईल आणि दोघे एकमेकांना खातील. १२ डीबी वाढवणं म्हणजे ॲम्पकडून त्या पट्टीत १६ पट वॉट मागणं आणि कोनला ४ पट हलवणं. इतकं करून खुर्चीवर हाती फारसं लागत नाही, आणि शेजारच्या खोलीत मात्र ७० हर्ट्झ धडधडतो.

इलाज: सोफा ४० सेंटीमीटर मागे घ्या. डोकं भिंतीपासून ८५ सेंटीमीटरवर आलं की त्या मोडचा दाब शून्यावरून भिंतीलगतच्या दाबाच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. ३४ हर्ट्झ दीड-पावणेदोन डीबीने वाढेल, पण तो उंचवटा आहे आणि उंचवटा कापता येतो. सोफा पुढे घेऊनही खड्डा भरतो, फक्त तिकडे खोलीच्या मध्याकडे सरकल्याने ३४ कमी होत जातो. सिनेमाचा खर्ज हवा असेल तर मागे सरका.

आता दुसरी. ४३ हा रुंदीचा पहिला मोड आहे. मधली जागा त्याच्या शून्यावर, कडेच्या जागा त्याच्या बाहेर. इथे इक्वलायझर हतबल आहे: ४३ कापला तर कडेचे सुखावतील आणि मधल्याचा उरलासुरलाही जाईल. एका फिल्टरने तीन जागांना तीन वेगळी उत्तरं देता येत नाहीत. सब कोपऱ्यातून काढून समोरच्या भिंतीच्या मधोमध आणा. रुंदीच्या शून्यावर ठेवलेला सब तो मोड पेटवतच नाही, त्यामुळे तिन्ही जागांवरचा ४३ सारखा होईल. कोपऱ्याने मिळणारी थोडी पातळी जाईल, सबचा गेन वाढवून ती भरून काढा.

पहिली तक्रार तेवढी खऱ्या अर्थाने इक्वलायझरची. सगळ्या जागांवर सारखाच असलेला उंचवटा ही फिल्टरसाठी आदर्श परिस्थिती.

साउंडचेक

जागा हलवल्यावर मोजायचं कसं तेही लिहून ठेवतो, कारण चुकीच्या मोजणीवर बेतलेला फिल्टर हा फिल्टर नसण्यापेक्षा वाईट.

सॉफ्टवेअर: रूम ईक्यू विझार्ड, म्हणजे आरईडब्ल्यू. फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. माइक: मिनीडीएसपीचा युमिक-१ किंवा कॅलिब्रेशन फाइल मिळणारा कुठलाही मोजणीचा माइक. युमिकला सीरियल नंबरवरून दोन फाइली मिळतात. माइक स्पीकरकडे रोखणार असाल तर शून्य अंशाची, छताकडे उभा धरणार असाल तर ९० अंशाची. फाइल उलटसुलट झाली तर बेसमध्ये काही कळणार नाही, पण ट्रेबलमध्ये काही डीबींचा खोटा उतार किंवा चढ दिसेल आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करत बसाल.

माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला, जिथे डोकं असतं तिथे. सोफ्यावर ठेवलेला किंवा हातात धरलेला चालणार नाही. सोफ्याची पाठ उंच असेल तर माइक तिच्यापासून किमान १५ सेंटीमीटर पुढे आणि शक्यतो तिच्या वरच्या कडेहून थोडा वर, नाहीतर पाठीवरचं परावर्तन मोजलं जातं.

सुरू करण्यापूर्वी बंद करायच्या गोष्टी: रिसीव्हरचं करेक्शन, डायनॅमिक व्हॉल्यूम, लाउडनेस, टोन कंट्रोल, विंडोजमधले ऑडिओ एन्हान्समेंट. संगणकावर आधीच इक्वलायझर एपीओ (विंडोजचं इक्वलायझर सॉफ्टवेअर) बसवलेला असेल तर तोही. पंखा आणि एसी बंद. विंडोजमध्ये माइक आणि आउटपुट दोन्हींचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

मग स्वीपची (खालून वर सरकत जाणाऱ्या चाचणीच्या सुराची) पातळी −१२ डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या १२ डीबी खाली), श्रवणस्थानी साधारण ७५ डीबी. लांबी २५६के. डावा वेगळा, उजवा वेगळा, सब वेगळा, मग सब+डावा, सब+उजवा. डावा-उजवा एकत्र मोजून वरच्या पट्टीबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका: माइक बरोबर मधे नसतो, दोन सेंटीमीटरच्या फरकानेही ट्रेबलमध्ये कंगव्यासारखे खड्डे येतात, जे ऐकताना तसे नसतात.

स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं, ऑक्टेव्हच्या भागांत): ३०० हर्ट्झच्या खाली १/४८ किंवा अजिबात नाही. वर बघताना 'व्हेरिएबल' किंवा १/६. १/३ लावून बेसचे फिल्टर ठरवू नका, अरुंद उंचवटे त्यात विरघळून जातात.

शांत_खोली

मोबाइलच्या माइकवर चालेल का? आत्ता विकत घेण्याआधी अंदाज घ्यायचा आहे.

साउंडचेक

@शांत_खोली, कुठल्या फ्रिक्वेन्सीला खोली घुमते हे शोधायला चालेल. टोन जनरेटरवर २० ते १२० हर्ट्झ हळूहळू फिरवत गेलात की उंचवट्यांच्या जागा कळतात, त्या कानालाही कळतात. पण किती डीबीचा आहे ते मोबाइलवरून ठरवू नका. फोनचे माइक बोलण्यासाठी बनवलेले असतात, खालची पट्टी मुद्दाम कापलेली असते, शिवाय काही फोन पातळी आपोआप वरखाली करतात. त्या मापावरून बेस वाढवला तर खात्रीने जास्त वाढेल.

क्यू_फॅक्टर

३४ चा फिल्टर कसा बसवायचा ते घेतो. पॅरामेट्रिक फिल्टरला तीन आकडे लागतात: मध्य फ्रिक्वेन्सी, गेन, आणि क्यू. क्यू म्हणजे मध्य फ्रिक्वेन्सी भागिले फिल्टरची रुंदी. उंचवटा ९ डीबीचा असेल तर निम्म्या उंचीवर, ४.५ डीबीला, तो कुठून कुठवर पसरलाय ते आलेखावर पाहा. समजा ३१ ते ३८. रुंदी ७ हर्ट्झ, तर क्यू = ३४.३ ÷ ७, म्हणजे सुमारे ५. गेन −९ नको, −७ ने सुरुवात करा. थोडा उंचवटा शिल्लक राहणं कानाला गोडच लागतं.

मग फिल्टर लावून पुन्हा स्वीप, आणि या वेळी नुसता आलेख न पाहता वॉटरफॉलही (आवाज वेळेनुसार कसा विरतो त्याचा आलेख) पाहा. बेसमधले मोड बहुतांशी मिनिमम फेज असतात, म्हणजे उंची सुधारली की वेळही सुधारते. त्यामुळे योग्य जागी, योग्य रुंदीचा फिल्टर बसला की उंची कमी होते आणि त्याबरोबर घुमण्याची शेपटीही आखूड होते. तबल्याच्या बायाँवरची थाप पडून विरण्याऐवजी 'ऊऽऽम' करत रेंगाळत असेल तर ती याच शेपटीमुळे. मध्य फ्रिक्वेन्सी २-३ हर्ट्झने चुकली तर एका बाजूला उंचवटा उरतो, दुसऱ्या बाजूला खळगा पडतो आणि शेपटी जवळजवळ तशीच राहते. वॉटरफॉलमध्ये हे लगेच दिसतं.

कुठला खड्डा भरण्याजोगा आहे हे कसं ओळखायचं? आरईडब्ल्यूमध्ये 'एक्सेस ग्रुप डिले' (मिनिमम फेजच्या पलीकडचा जास्तीचा उशीर) चा आलेख काढा. जिथे तो सपाट आहे तिथे फिल्टरचं ऐकलं जाईल. जिथे तो अचानक उसळलाय तो खड्डा दोन आवाजांच्या भांडणाचा आहे, तिथून हात काढून घ्या. सपाट भागातला उथळ, रुंद खोलगटपणा ३ डीबीपर्यंत, क्यू २ च्या आत, खुशाल भरा.

दोन गोष्टी ज्या हमखास चुकतात:

पहिली, हेडरूम (कमाल पातळीखालची मोकळी जागा). कुठेही वाढ केली तर डिजिटल साखळीत प्रीॲम्प (फिल्टरांआधीची एकूण पातळी) तेवढाच खाली आणावा लागतो. एकत्रित फिल्टरांचा सर्वांत वरचा बिंदू +४ असेल तर प्रीॲम्प −४. नाहीतर मोठ्या आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये क्लिपिंग होतं, आणि ते फक्त ढोलाच्या ठोक्यांवर कडकडत असल्याने लोक स्पीकर फाटला असं समजतात.

दुसरी, सॅम्पल रेट. तुम्ही फिल्टरची फ्रिक्वेन्सी-गेन-क्यू टाइप करत असाल तर प्रश्न नाही. पण बायक्वाड गुणांकांची (फिल्टरच्या तयार गणिती आकड्यांची) फाइल टाकत असाल तर ती त्या यंत्राच्या अंतर्गत रेटसाठीच काढलेली हवी. मिनीडीएसपी २×४ एचडी (फिल्टर लावणारा डिजिटल प्रोसेसर) ९६ किलोहर्ट्झवर चालतो. ४८ साठी काढलेली फाइल त्यात टाकली की प्रत्येक फिल्टर दुप्पट फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसतो. म्हणजे ३४ चा कट ६८ वर! @नवा_कान यांच्या खोलीत तो नेमका खड्ड्यात पडेल आणि खड्डा आणखी खोल होईल.

सपाट_रेषा

सगळं पटलं, पण "३०० च्या वर हात लावू नका" हा सल्ला मला टोकाचा वाटतो. डिराक लाइव्ह (रूम करेक्शनचं सॉफ्टवेअर) पूर्ण पट्टीत वेळेचीही दुरुस्ती करतं. एफआयआर (वेळही बदलू शकणाऱ्या डिजिटल) फिल्टरने डावा-उजवा तंतोतंत जुळवता येतात आणि स्टीरिओ प्रतिमा त्यामुळे घट्ट होते. मग निम्मं सॉफ्टवेअर बंद करून का ठेवायचं?

खर्जभक्त

@सपाट_रेषा, चांगला मुद्दा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माइक थेट आवाज आणि परावर्तनं यांची बेरीज मोजतो. कान मात्र वरच्या पट्टीत थेट आवाजाला आधी पकडतो आणि मागून येणारी परावर्तनं त्याला जोडून जागेची जाणीव तयार करतो. आता समजा स्पीकरचा थेट आवाज सपाट आहे, पण बाजूची भिंत पडद्यांनी झाकलेली असल्याने परावर्तनांत ट्रेबल कमी आहे. बेरीज ३-४ किलोहर्ट्झच्या वर घसरलेली दिसेल. सॉफ्टवेअर ती उचलेल. म्हणजे जो थेट आवाज मुळात बरोबर होता तो टोकदार झाला. उलट बाजूने, स्पीकर कडेला जास्त ट्रेबल फेकत असेल तर बेरीज वर दिसते, सॉफ्टवेअर कापतं आणि थेट आवाज दबतो. @नवा_कान यांचा दबलेला गायक याच जातीचा असण्याची शक्यता मोठी आहे.

चांगला सपाट स्पीकर नेहमीच्या खोलीत ठेवला की श्रवणस्थानी आलेख बेसकडून ट्रेबलकडे हळूहळू उतरतो. तो उतार नैसर्गिक आहे. टार्गेट कर्व्ह (करेक्शनने गाठायचा आलेख) २० किलोहर्ट्झपर्यंत आडवा ठेवला तर आवाज पातळ आणि कर्कश होणारच.

मग वरच्या पट्टीत काय करावं? स्पीकरचा स्वतःचा दोष असेल तर जरूर दुरुस्त करा, पण तो खोलीत मोजून नव्हे. सीटीए-२०३४ पद्धतीने (खोलीचा परिणाम वगळून स्पीकर मोजण्याच्या प्रमाण पद्धतीने) केलेली मोजणी उपलब्ध असेल तर तीत ऑन-ॲक्सिस (बरोबर समोरून) आणि लिसनिंग विंडो (समोरच्या आसपासच्या कोनांची सरासरी) दोन्हींत एकाच जागी उंचवटा दिसतो का ते पाहा. दोन्हींत असेल तर तो स्पीकरचा. तिथला फिल्टर दोन्ही बाजूंना सारखाच लावा. नुसता टोन बदलायचा असेल तर रुंद फिल्टर, क्यू १ च्या आसपास, १-२ डीबी, तोही दोन्हींकडे सारखा.

डावा-उजवा जुळवण्याबद्दल: ३०० च्या खाली नक्की जुळवा. वर दोन्ही बाजूंना वेगवेगळे अरुंद फिल्टर लावले तर माइकच्या त्या एका बिंदूवर आलेख जुळतात आणि डोकं एका वीतभर हललं की ते जुळलेलं मोडतं. बिंदूवर नव्हे, बसणाऱ्या माणसावर काम करायचं आहे.

सपाट_रेषा

परावर्तनांचा मुद्दा मान्य. तरी डिराकमध्ये कर्टन (करेक्शनची वरची हद्द) ३०० ऐवजी ५०० वर ठेवणं मला योग्य वाटतं, कारण समोरच्या आणि बाजूच्या भिंतींमुळे येणारे खाचखळगे २००-४०० मध्येही पडतात. स्पीकरच्या तोंडापासून मागची भिंत ३० सेंटीमीटरवर असेल तर खड्डा २८६ ला येतो.

खर्जभक्त

५०० लाही माझी हरकत नाही. फक्त १५० च्या वर क्यू ३-४ पेक्षा टोकदार फिल्टर नको, आणि मोजणी एका बिंदूची नको. त्या पट्टीसाठी हलत्या माइकची पद्धत उत्तम: पिंक पिरिऑडिक नॉइज (सगळ्या पट्ट्यांचा चाचणी-आवाज) लावा, आरटीए (चालू आवाजाचा थेट आलेख) चालू करा, सरासरी 'फॉरेव्हर' वर ठेवा, आणि डोक्याभोवतीच्या अर्ध्या मीटरच्या जागेत माइक मिनिटभर सावकाश फिरवा. हात झटकू नका, माइकवर वाऱ्याचा आवाज येतो. या सरासरीत जे उंचवटे टिकून राहतात तेच दुरुस्त करण्यालायक.

दुहेरी_सब

+१ हलत्या माइकला.

ऑटो सिस्टीम वापरणाऱ्यांसाठी भर घालतो, विशेषतः ऑडिसी (अनेक रिसीव्हरांत असलेली ऑटो करेक्शन सिस्टीम).

मोजणीआधी सबच्या मागचा क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकर यांत पट्टी वाटली जाते ती फ्रिक्वेन्सी) नॉब सर्वांत वर किंवा एलएफई (सबचा स्वतःचा फिल्टर वगळणारी सेटिंग) वर, फेज शून्यावर, सबचं आपोआप झोपणं बंद. गेन असा ठेवा की कॅलिब्रेशननंतर रिसीव्हरमध्ये सबची पातळी शून्याच्या थोडी खाली यावी. −१२ दिसलं तर बहुतेक रिसीव्हरांत ती शेवटची पायरी असते, म्हणजे खरं माप याहून खाली असू शकतं. गेन कमी करून परत मोजा.

जागा: पहिली मोजणी मुख्य डोक्याच्या जागी, बाकीच्या तिच्याभोवती अर्ध्या मीटरच्या आत. मल्टईक्यू एक्सटी३२ (ऑडिसीची वरची आवृत्ती) आठ जागा घेतं, त्या आठही घ्या. पण सोफ्याच्या दोन टोकांना आणि मागच्या भिंतीला चिकटून माइक ठेवलात तर सरासरी कुणाचीच राहत नाही. माइक छताकडे तोंड करून, तिपाईवर. सोबत येणारा पुठ्ठ्याचा मनोराही उशीवर ठेवण्यापेक्षा बरा.

नंतर तपासायच्या गोष्टी:

स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील तर 'स्मॉल' (खर्ज सबकडे पाठवणारी सेटिंग) करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. रिसीव्हरने १०० किंवा १२० सुचवला असेल तर तो खाली आणू नका, कारण त्याखाली त्या स्पीकरला करेक्शन मिळालेलं नाही. वर नेलेला चालतो.

सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसलं तर 'दुरुस्त' करू नका. सब ३ मीटरवर आहे आणि रिसीव्हर ४.५ दाखवतोय, तर जास्तीचा दीड मीटर म्हणजे सबच्या आतल्या फिल्टर आणि डीएसपीने लावलेला सुमारे ४.४ मिलिसेकंदांचा उशीर. रिसीव्हर अंतराच्या भाषेत वेळ सांगत असतो.

ऑडिसीच्या मोबाइल ॲपमध्ये प्रत्येक चॅनलसाठी करेक्शन कुठवर न्यायचं ते ठरवता येतं. ३००-५०० वर आणा. 'मिडरेंज कॉम्पेन्सेशन' बंद करा, ते २ किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम खळगा पाडतं. @नवा_कान, गायक दबण्याचं दुसरं कारण हे असू शकतं. आधी हेच करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि 'प्युअर डायरेक्ट' लावून "करेक्शनने काही फरकच पडत नाही" असं ठरवू नका. त्या मोडमध्ये करेक्शन बंद असतं.

नवा_कान

सगळ्यांचे मनापासून आभार. सब मधोमध आणि सोफा मागे घेता येईल. पण सब मधे आल्यावर क्रॉसओव्हरजवळ ७० ते १०० मध्ये नवीन खड्डा आला तर तो खोलीचा की सब-स्पीकरच्या भांडणाचा, हे कसं ओळखायचं?

क्यू_फॅक्टर

सब एकटा मोजा, स्पीकर एकटा मोजा, मग दोन्ही एकत्र. एकट्या आलेखांत ८० ला दोघेही ठीक आहेत आणि एकत्र आलेख त्या दोघांपैकी मोठ्याच्याही खाली जातोय, तर भांडण आहे. एकट्यातच खड्डा असेल तर खोलीचा. @नवा_कान, रुंदीचा दुसरा मोड ८६ हर्ट्झला येतो आणि मधोमध ठेवलेला सब तो पूर्ण जोमाने पेटवतो. मधल्या जागेला तिथे उंचवटा दिसू शकतो, म्हणून आलेखात ८०-९० मध्येही लक्ष ठेवा.

भांडण मिटवायची खात्रीची रीत उलट बाजूने जाते. सबची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) मुद्दाम उलटी करा. आता सबचं अंतर ३०-३० सेंटीमीटरने (सुमारे ०.९ मिलिसेकंद) बदलत ८० च्या आसपासचा खड्डा जास्तीत जास्त खोल आणि दोन्ही बाजूंना सारखा करा. खोल खड्डा म्हणजे दोघे तिथे बरोबर उलट फेजमध्ये आहेत. पोलॅरिटी सरळ केली की तेच दोघे बरोबर जुळतात. खड्डा शोधणं सोपं जातं, कारण तो टोकदार असतो. बेरजेचा माथा सपाट असतो, त्यावर अंदाज चुकतो.

यूएसबी माइक वापरताना आरईडब्ल्यूमध्ये 'अकूस्टिक टायमिंग रेफरन्स' चालू करा, नाहीतर प्रत्येक मोजणीची वेळ वेगळी धरली जाते आणि फेजच्या तुलनेला काही अर्थ राहत नाही.

हे सगळं फिल्टर लावण्याआधी. नंतर सबवर अरुंद फिल्टर क्रॉसओव्हरच्या जवळ टाकलात तर फेज सरकते आणि जुळणी पुन्हा तपासावी लागते.

दुहेरी_सब

दुसरा सब घ्यायचा विचार कधी झाला तर: समोरच्या आणि मागच्या भिंतींच्या मधोमध एकेक ठेवले, दोघांची पातळी आणि वेळ सारखी ठेवली, तर लांबीचा पहिला मोडही (तुमचा ३४) बराचसा आपोआप शमतो, कारण दोघे त्याला विरुद्ध बाजूंनी ढकलतात. इक्वलायझर दोघांना वेगवेगळा लावायचा नाही. आधी गेन जुळवा, मग वेळ, मग दोघांना एकच समजून एकत्र आलेखावर फिल्टर. जागा अशा सममित मिळत नसतील तर 'मल्टी-सब ऑप्टिमायझर' नावाचं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक सबचा उशीर, गेन आणि फिल्टर वेगवेगळे काढून देतं. त्यात प्रत्येक सबची प्रत्येक जागेवरची मोजणी द्यावी लागते. दोन सब, तीन जागा म्हणजे सहा स्वीप, सगळे एकाच टायमिंग रेफरन्सने.

पोर्ट असलेल्या सबला पोर्टच्या ट्युनिंगच्या खाली वाढ कधीही देऊ नका. तिथे हवेचा आधार सुटतो, कोन मोकाट हलतो आणि आवाजाऐवजी फटफट ऐकू येते. उलट तिथे हायपास (खालचं कापणारा फिल्टर) लावा.

शांत_खोली

भिंतींवर फोम लावला तर इक्वलायझरची गरज कमी होईल का? आणि रात्री हळू आवाजात ऐकताना बेस गायब होतो, त्यासाठी वेगळी सेटिंग ठेवावी का?

साउंडचेक

अडीच सेंटीमीटरचा फोम ४३ हर्ट्झला दिसतही नाही. त्या तरंगाची लांबी ८ मीटर आहे. पातळ फोम फक्त वरची पट्टी शोषतो, म्हणजे खोली निस्तेज होते आणि बेस तसाच घुमत राहतो. बाजूच्या भिंतीवर १० सेंटीमीटर रॉकवूलचं पॅनेल, मागे तेवढीच पोकळी सोडून, असं काही केलं तर २०० च्या आसपासपासून वर उपयोग दिसतो. त्याखाली जागा, सबची संख्या आणि फिल्टर हेच उपाय.

रात्रीचं म्हणाल तर ती खोलीची चूक नाही, कानाची ठेवण आहे. आवाज कमी केला की बेसची जाणीव मध्य पट्टीपेक्षा जास्त वेगाने कमी होते. समान-श्रवणतेच्या वक्ररेषा आयएसओ २२६ मध्ये दिलेल्या आहेत. रूम करेक्शन तसंच ठेवून त्यावर १०० हर्ट्झच्या खाली ४-५ डीबीचा लो-शेल्फ (खालची सगळी पट्टी उचलणारा फिल्टर) असलेला दुसरा प्रीसेट बनवा. हळू आवाजात ॲम्पकडे ताकद शिल्लक असते, त्यामुळे ही वाढ चालते. प्रीॲम्प मात्र तेवढाच खाली. ऑडिसीचा डायनॅमिक ईक्यू हेच काम व्हॉल्यूमप्रमाणे आपोआप करतो. गाण्यांसाठी तो जास्त वाटला तर रेफरन्स लेव्हल ऑफसेट १० किंवा १५ करा.

सपाट_रेषा

एक शेवटचं विचारतो. संगणकावर कॅमिलाडीएसपीतून (फिल्टर लावणारं सॉफ्टवेअर) ६५५३६ टॅपचा (टॅप म्हणजे एफआयआर फिल्टरचे गुणांक) लिनियर फेज (सगळ्या पट्ट्यांना सारखाच उशीर देणारा) फिल्टर लावला आहे. गाण्यांना उत्तम, पण सिनेमात ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

क्यू_फॅक्टर

जुळणार नाहीत. लिनियर फेज फिल्टरचा उशीर टॅपच्या निम्म्याएवढा: ३२७६८ भागिले ४८००० म्हणजे ०.६८ सेकंद. प्लेयरमध्ये ऑडिओ ऑफसेट देता आला तर संगणकावरच्या फाइलींपुरतं निभावेल. बाहेरून येणाऱ्या टीव्हीच्या सिग्नलला तो उपायही नाही. टॅप कमी केले तर बेसमधली बारकाई जाते: ४८ किलोहर्ट्झला १०२४ टॅप म्हणजे ४७ हर्ट्झची पायरी, त्यात ३४ चा उंचवटा पकडताच येत नाही.

सिनेमासाठी तेच फिल्टर मिनिमम फेजमध्ये निर्यात करा किंवा साधे पॅरामेट्रिक आयआयआर (नेहमीचे इक्वलायझर फिल्टर) वापरा. उशीर नगण्य राहतो. बेसच्या टोकदार कटला मिनिमम फेजच योग्य, कारण खोलीचा मोडही त्याच स्वभावाचा आहे. लिनियर फेजने उंची कमी होते, पण ठोक्याच्या आधी बारीकसा पूर्वनाद येऊ शकतो. दोन कॉन्फिग फाइली ठेवा, एक गाण्यांची, एक सिनेमाची, आणि दोन्हींची पातळी ०.५ डीबीच्या आत जुळवा. नाहीतर जी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते आणि तुलना तिथेच फसते.